मदत हवी आहे: पाय मोडलाय तरी व्यायाम थांबवता येत नाहीये

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको करत होतो, कारण ऐकणाऱ्याला ही फुशारकीच वाटते. एक मित्र तोंडावर म्हणाला, लोक व्यायाम होत नाही म्हणून रडतात आणि तू थांबत नाही म्हणून?

झालंय असं की डाव्या नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर आहे, डॉक्टरांनी सहा आठवडे पळणं बंद सांगितलं आणि मी अकराव्या दिवशी पळालो, घरी सांगितलं जरा पाय मोकळे करून येतो. परवा रात्री पावणेबाराला घड्याळात ९,६४० पावलं दिसली म्हणून दिवा न लावता पलंगाभोवती लंगडत फेऱ्या मारत होतो, तर बायको उठून बसली आणि एवढंच म्हणाली, "कोणाला दाखवायचेत रे?" काही बोललो नाही, पण दहा हजार करूनच झोपलो. (हा आकडा पण १९६५ साली जपानमध्ये निघालेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावावरून पडलाय, मानपो-केई, अर्थ 'दहा हजार पावलांचा मीटर', म्हणजे मी एका जुन्या जाहिरातीपायी लंगडतोय!)

मजा तर कधीच संपली. पळून आल्यावर आनंदबिनंद काही नाही, फक्त "सुटलो, आजचं झालं". नाही गेलो की दिवसभर चिडचिड, पोरावर खेकसतो, जेवताना डोक्यात हिशोब चालू.

स्वभाव पहिल्यापासून असाच आहे. शाळेत एक खाडाखोड झाली की अख्खं पान फाडून परत लिहायचो, मग त्याचं जोडपान सुटायचं, की तेही परत. तेव्हाही कौतुक व्हायचं आणि आताही होतं, काय शिस्त आहे, काय जिद्द आहे. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांचं मोटिव्हेशनवरचं वाचलं, आवडतं म्हणून करणं वेगळं आणि नाही केलं तर अपराधी वाटेल म्हणून करणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात हीच तर गोची आहे. व्यायामाच्या व्यसनाची २००४ ची सहा प्रश्नांची चाचणी आहे, ३० पैकी २४ किंवा जास्त पडले की धोका. मला २६ पडले आणि खरं सांगतो, पहिला विचार आला की चला, मार्क चांगले पडले.

आता जाऊ कोणाकडे? डीएसएम ५ मध्ये (मानसिक आजारांची अमेरिकन यादी) जुगाराचं व्यसन आहे पण याला वेगळं नावच नाही. हाडांचे डॉक्टर म्हणतात आराम करा, बस. थेरपिस्टकडे कोणी गेलंय का? घड्याळ काढून ठेवून फरक पडला का? योगा करा असं कृपया सांगू नका, तोही मी एक दिवस न चुकवता करेन.

प्रतिसाद १
मी यातून गेलेय. १९७० मध्ये बेकलँड नावाच्या संशोधकाला महिनाभर व्यायाम सोडणारी माणसं हवी होती, रोज करणारे पैसे देऊनही तयार होईनात, शेवटी आठवड्याला तीनचार दिवसवाल्यांवर भागवलं त्याने. तेव्हा तुम्ही एकटे नाही. मला थेरपिस्टने सुट्टीच्या दिवशी दर तासाला अस्वस्थता दहापैकी किती ते लिहायला लावलं होतं, सकाळी नऊ असायची, संध्याकाळी आपोआप चारवर. अर्थात माझं हाड मोडलेलं नव्हतं, तुम्ही आत्ता पूर्ण बंदच ठेवा आणि घड्याळ बायकोकडे द्या. पण एक विचारते, जेवण कमी केलंय का? थेरपिस्ट पण आधी तेच विचारेल, खाणं आणि हे बऱ्याचदा एकत्रच बिघडतं आणि पोटात काही नसेल तर हाड कशाच्या जोरावर भरणार.

धागाकर्ता
घड्याळ दिलं आत्ताच. आणि हो, पळणं बंद झाल्यापासून रात्रीचं जेवत नाहीये. वर लिहायचं टाळलं होतं.