'सिट-इन'ला ठिय्या म्हणावं का?

पाटीपेन्सिल : अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या चळवळीवर मराठीत लिहितेय आणि 'सिट-इन'पाशी अडलेय. आधी 'धरणे' लिहिलं, खोडलं. मग 'ठिय्या आंदोलन' लिहिलं, तर डोळ्यांपुढे तहसील कचेरीसमोरची सतरंजी आली. प्रसंग १ फेब्रुवारी १९६०चा, नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोचा. ए अँड टी कॉलेजची पहिल्या वर्षाची चार मुलं वूलवर्थच्या दुकानात गेली. किरकोळ वस्तू घेतल्या, पावत्या जपून ठेवल्या आणि फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत ती उठली नाहीत. याला काय म्हणाल?

ओसरी : 'धरणे' खोडलंत ते बरं केलंत. जुन्या काळी सावकार कुळाच्या दारात उपाशी धरणं धरून बसायचा. त्याला हवे असायचे पैसे, बसणं ही नुसती अडवणूक. या पोरांना हवं होतं तेच ती करत होती: गिऱ्हाईक म्हणून बसणं. पावत्यांचा तपशील गाळू नका. त्याच दुकानाने एका काउंटरवर त्यांचे पैसे घेतले होते.

आपल्याकडे याच्या जवळचं म्हणजे महाड. २० मार्च १९२७ला बाबासाहेब लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले ते निवेदन द्यायला नव्हे. ओंजळीने पाणी प्यायले. त्याला आपण सत्याग्रहच म्हणतो. म्हणून माझं मत 'बैठा सत्याग्रह'.

पाटीपेन्सिल : जड नाही का वाटत? आणि सत्याग्रह शब्द त्यांच्या तोंडी घालणं म्हणजे आपलं घोडं पुढे दामटणं.

संत्रानगरी : नागपूरकर म्हणून राहवत नाही. जेम्स लॉसन हे नाव बघा. हा कृष्णवर्णीय, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा तरुण १९५३ ते १९५६ आमच्या हिस्लॉप कॉलेजात होता, तिथेच त्याने गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. परत गेल्यावर नॅशव्हिलमध्ये फिस्क आणि आसपासच्या कॉलेजांतल्या मुलांचे वर्ग घेतले. पुढे चळवळीचे नेते झालेले डायान नॅश, जॉन लुईस त्यातलेच. वर्ग म्हणजे चक्क तालीम! निम्म्यांनी शिव्या द्यायच्या, ढकलायचं. उरलेल्यांनी हात न उगारता बसून राहायचं. काउंटरवर ताठ बसा, तोंड काउंटरकडेच ठेवा, असे लेखी नियम होते. १३ फेब्रुवारी १९६०ला तिथली मुलं बसली, १० मेपासून काउंटर खुले झाले. मधल्या काळात, मार्चमध्ये, तो शिकत होता त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसनला काढून टाकलं. तेव्हा हा शब्द त्यांना आपण चिकटवत नाही.

पाटीपेन्सिल : हे ठाऊक नव्हतं. मग १९६८चं काय? हॉवर्ड विद्यापीठात मुलांनी प्रशासनाची इमारतच बंद पाडली, कोलंबिया विद्यापीठात हॅमिल्टन हॉल ही इमारत धरली. इंग्रजी लेखांत दोन्हींना सर्रास सिट-इन म्हटलेलं सापडतं.

ओसरी : इंग्रजीला चालत असेल, तुम्ही वेगळं करा. तिथे 'ठिय्या' शोभतो, कारण कचेरी अडवून मागण्या मांडल्या: अभ्यासक्रमात आपला इतिहास हवा, कारभारात आपलं म्हणणं ऐका. हॅमिल्टन हॉलला तर 'ताबा'च म्हणा. कृष्णवर्णीय मुलांनी गोऱ्या सहकाऱ्यांना तुम्ही दुसरी इमारत बघा म्हणून सांगितलं. तो बाणा 'बैठ्या'त मावत नाही. फक्त 'कब्जा' नको, पोलिसांच्या पंचनाम्यातला वास येतो.

संत्रानगरी : आणि 'बैठक आंदोलन' मुळीच नको. वाचक तबला-पेटी शोधत बसेल.

पाटीपेन्सिल : ठरलं. ग्रीन्सबरो-नॅशव्हिलला बैठा सत्याग्रह, हॉवर्डला ठिय्या, कोलंबियाला ताबा. शेवटची शंका: एप्रिल १९६०मध्ये नागरी हक्क कार्यकर्त्या एला बेकर यांनी रॅली शहरातल्या शॉ विद्यापीठात या मुलांना एकत्र आणलं, त्यातून निघालेली संघटना. 'विद्यार्थी अहिंसक समन्वय समिती' लिहू?

ओसरी : एकदाच. पुढे 'स्निक' लिहा, इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा (SNCC) तो उच्चार; ती मुलंही तेच म्हणायची.