कॉन्टेसाचं नाक दीड इंच खाली घ्यायचंय, पण गाडी दणके द्यायला नको

तापीकाठ
गाडी कॉन्टेसा क्लासिक, १.८ इसुझु पेट्रोल. चाकं १४ इंची, टायर १८५/७०. पुढून नाक वर दिसतं. गॅरेजमध्ये दोन सल्ले मिळाले: पुढच्या स्प्रिंगचा एक पूर्ण वेढा काप, नाहीतर गॅसने तापवून स्प्रिंग बसव. गाडी भुसावळ–जळगाव–धुळे महामार्गावर चालते आणि अधूनमधून यावल-रावेरकडे केळीच्या पट्ट्यातल्या रस्त्यांवर. स्प्रिंग कापली की कडक होते म्हणतात. किती कापावी?

पाटा_स्प्रिंग
गॅस लावायचा विषयच सोडा. तापवली की पोलादाचं पाणी उतरतं. मग स्प्रिंग बसतच जाते, तीही डावी-उजवी सारखी नाही, आणि कधीतरी तुटते.

कडकपणाचं गणित सोपं आहे. ८ चालते वेढे (म्हणजे दबणारे, टोकाचे बसलेले सोडून) असतील आणि अर्धा कापला, तर ८ भागिले ७.५, म्हणजे स्प्रिंग जेमतेम ७ टक्के कडक. गाडीची उसळण्याची गती त्याच्या निम्म्याने, ३ टक्क्यांच्या आसपास बदलते. सीटवर बसून हे कोणाला कळणार नाही. दणके बसतात ते बंप रबरामुळे, म्हणजे चाक धरणारा खालचा दांडा (आर्म) फार वर आला की ज्याला टेकतो त्या रबरी ठोकळ्यामुळे. गाडी खाली आली की आर्म आणि रबर यांच्यातली फट कमी होते आणि प्रत्येक खड्ड्यात आर्म रबरावर आपटतो. लोक दोष देतात स्प्रिंगला.

म्हणून कापण्याआधी, गाडी सपाट जमिनीवर चाकांवर उभी असताना, तीन मापं घ्या:
१. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत. एक वेढा गेला की स्प्रिंगची उंची तेवढीच कमी होते.
२. खालच्या आर्मच्या आतल्या बोल्टपासून स्प्रिंगच्या मध्यापर्यंतचं अंतर भागिले त्याच बोल्टपासून बॉल जॉइंटपर्यंतचं (चाकाकडचा गोल सांधा) अंतर. स्प्रिंग चाकाच्या आत बसते, म्हणून ती जेवढी हलते त्याहून चाक जास्त हलतं; ते या गुणोत्तरावरून कळतं.
३. बंप रबराची फट, आणि रबराच्या जागेचं तसंच गुणोत्तर.

धुळेकर७
त्याआधी मागची बाजू बघा. मागच्या स्प्रिंगा बसल्या असतील तर नाक आपोआप वर दिसतं. डिकी रिकामी करून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही माप घ्या. मागच्या बसल्या असतील तर आधी त्या बदला, पुढचा अर्धा प्रश्न तिथेच सुटेल. इतली घाई कसाले?

तापीकाठ
मागच्या ठीक आहेत. मापं: वेढ्यांमधलं अंतर २८ मिमी, स्प्रिंगचं गुणोत्तर ०.५५, रबराची फट ३० मिमी, तिथलं गुणोत्तर ०.६.

पाटा_स्प्रिंग
मग पूर्ण वेढा कापला तर २८ भागिले ०.५५, म्हणजे चाकापाशी ५१ मिमी. दोन इंच! फट सगळी संपेल, गाडी कायम रबरावर बसेल. अर्धा वेढा कापा: १४ भागिले ०.५५, साधारण २५ मिमी. रबरापाशी त्याच्या ०.६ पट, म्हणजे १५ मिमी जातात, १५ उरतात. दीड इंचाला ७ मिमीच उरतात. केळीच्या ट्रॅक्टरांनी उखडलेल्या रस्त्यावर ते काहीच नाही. एक इंचावर थांबा.

रबराच्या टोकाचा एक तृतीयांश भाग निमुळता ठेवून कापता येईल, पण रबर काढून टाकू नका, नाहीतर लोखंडावर लोखंड आपटेल. शॉकअपचंही बघा: शॉकअप तळाला टेकण्याआधी आर्म रबराला टेकला पाहिजे.

धुळेकर७
स्प्रिंग उतरवताना: गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), ट्रॉली जॅक खालच्या आर्मखाली, स्प्रिंगमधून साखळी ओवून चेसिसला बांधलेली. मग बॉल जॉइंट सोडा आणि जॅक हळूहळू उतरवा. गाडीचा कात्री जॅक इथे चालणार नाही. कापायचं ते मोकळ्या टोकाकडून, सपाट केलेल्या टोकाकडून नाही. पातळ कटिंग डिस्क, थोडं कापून थांबा, शेजारी ओलं फडकं. दोन्ही स्प्रिंगा एकाच खुणेवर. जोडल्यावर चाक लोंबकळतं ठेवून बघा, स्प्रिंग सीटमध्ये सैल होता कामा नये.

सगळ्यात जास्त चुकतं ते बुशांत, म्हणजे आर्मच्या बोल्टभोवतीच्या रबरी नळ्यांत. आर्मचे बोल्ट हवेत आवळले की रबर पिळलेलं राहतं: गाडी वर उभी राहते, कडक लागते, बुश लवकर फाटतात. नुसते हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, चार-पाच मीटर पुढे-मागे ढकला, मग आवळा. बुश साधे रबरीच ठेवा.

रावेरकर
कॅमारोसारख्या अमेरिकन गाड्यांना दोन इंची ड्रॉप स्पिंडल तयार मिळतात, म्हणजे चाकाचा आस वर सरकवलेला स्टब ॲक्सल. त्यात आर्मचा कोन आणि रबराची फट दोन्ही तशीच राहतात. ते बघून कोणी कॉन्टेसाचा स्टब ॲक्सल कापून वेल्डिंग करून देतो म्हणाला तर नको. त्यावर चाक असतं.

काम झाल्यावर अलाइनमेंट, आधी कॅम्बर (चाकाचा उभा कल) मग टो (चाकं पुढून आत-बाहेर वळलेली), आणि हेडलाइटचा झोत पुन्हा वर घ्या. टायर आहेत तेच ठेवा: १८५/७० आर १४ ची भिंत १३० मिमी, १९५/५५ आर १५ ची १०७, म्हणजे दणका झेलायला कमी. नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावर अडचण नाही. गावकऱ्यांनी रातोरात टाकलेल्या उंचवट्यांसाठी मात्र क्रॉसमेंबर आणि सायलेन्सरच्या पाइपखालचं माप लिहून ठेवा.