चॉपस्टिक्सचं जनुक
एखादा रोग कोणत्या जनुकांशी जोडलेला आहे हे शोधताना, सापडलेला संबंध निव्वळ योगायोग नाही असं मानायला पाहुण्या प्राध्यापकांनी नेहमीच्या ०.०५ ऐवजी ०.०००००००५ ही शक्यतेची मर्यादा का घेतली, असा प्रश्न आहे. जीनोमभर, म्हणजे माणसाच्या संपूर्ण जनुकसंचात, साधारण दहा लाख स्वतंत्र चाचण्या धरतात. इतक्या चाचण्यांत योगायोगानेच खोटे संबंध सापडू नयेत म्हणून ०.०५ ला दहा लाखांनी भागतात, आणि हाच आकडा येतो.

पण मला दुसरा धोका जास्त गंभीर वाटतो, आणि तो या मर्यादेने टळत नाही. १९९४ साली लँडर आणि शॉर्क या जनुकशास्त्रज्ञांनी चॉपस्टिक्सचं उदाहरण दिलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोत चॉपस्टिक्सने खाता येणारे आणि न येणारे लोक घेऊन एचएलए जनुकं (रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित) तपासली, तर संबंध सापडेल. जनुक खायला शिकवतं म्हणून नव्हे. पहिल्या गटात आशियाई वंशाचे लोक जास्त, आणि वंशागणिक जनुकप्रकारांचं प्रमाण बदलतं, म्हणून.

आपल्याकडे तर पिढ्यानपिढ्या जातीतच लग्नं झालेली. मधुमेहाचे रुग्ण एका समाजातले आणि तुलनेसाठीचे निरोगी लोक दुसऱ्या समाजातले, असं झालं की जातीचा फरक रोगाचं जनुक म्हणून छापला जाईल! पीसीए (जनुकीय माहितीतून लोकांचे वंशगट वेगळे दाखवणारी संख्याशास्त्रीय पद्धत) वापरून हा फरक बराचसा वजा करता येतो, पण नमुना गोळा करतानाच गाव आणि समाज नोंदवायलाच हवा. आईवडील आणि मूल असे एकत्र नमुने मिळाले तर उत्तमच, कारण तिथे तुलना घरातल्या घरातच होते.