'निकामी' की 'बिघडलेली'?

खानापूरकरीण: शनिवारी वाचनालयात कॅन्सरवर बोलायचंय. टिपणात लिहिलं होतं, 'तंतुकणिका निकामी झाल्या की पेशी कर्करोगाकडे वळते.' (तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीचं ऊर्जाघर.) आमच्या सरांनी 'निकामी'वर लाल रेघ ओढली, कारण काही सांगितलं नाही. 'बिघाड' लिहू का? की सरळ मायटोकॉन्ड्रियाचं डिसफंक्शन म्हणून मोकळी होऊ?

निपाणीकर: रेघ बरोबर आहे ओ. निकामी म्हणजे काम संपलं. 'मूत्रपिंड निकामी झालं' म्हटलं की डायलिसिस आलंच. कर्कपेशीत तसं क्वचितच होतं. हा घोळ जुना आहे. १९२०च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी पाहिलं, की भरपूर ऑक्सिजन असतानाही गाठीतल्या पेशी ग्लुकोज अर्धवटच मोडतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. एका ग्लुकोजमधून हाती लागतात फक्त २ एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेची नाणी. पुरतं जाळलं तर ३०च्या आसपास. त्यावरून त्यांनी ठरवलं, श्वसनयंत्रणाच कायमची मोडली. पुढे दिसलं, की बऱ्याच कर्कपेशींच्या तंतुकणिका चालू असतात. ग्लुकोज अर्धवट ठेवण्यात पेशीचा फायदा आहे: उरलेल्या कार्बनमधून नव्या पेशींचा माल तयार होतो.

शहापूर, बेळगाव: मग 'बिघडलेली'च. मराठीत पंपही बिघडतो आणि पोरगाही बिघडतो. पंप बिघडला की पाणी बंद. पण बिघडल्यालं पोरगं काय घरात गप बसतं? दिवसभर भलतेच उद्योग! कन्नडात तर दूध, मशीन, पोरगा, सगळ्यांना एकच क्रियापद, 'केडु'. आपलं दूध मात्र नासतं.

खानापूरकरीण: पोरग्याची उपमा आवडली. पण तंतुकणिकेचे 'भलते उद्योग' कुठले?

निपाणीकर: दोन सांगतो. तंतुकणिकेत इंधन जाळताना मधल्या टप्प्यावर सक्सिनेट नावाचं रसायन तयार होतं. ते पुढं ढकलणारं विकर (एन्झाइम) जनुकातल्या दोषामुळं बंद पडलं, तर सक्सिनेट साचतं. त्यामुळं ऑक्सिजन कमी असतानाच टिकणारं एचआयएफ नावाचं प्रथिन उगाच टिकून राहतं. हवा असून पेशी गुदमरल्यासारखी वागते, नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. म्हणजे एक विकर निकामी, पण तंतुकणिका बिघडलेली! दुसरं, पेशी फार खराब झाली की तंतुकणिकेतून सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन बाहेर पडतं आणि पेशी स्वतःला संपवते. कित्येक कर्कपेशी हे दारच बंद करतात, म्हणून मरायच्या वेळी मरत नाहीत. तेव्हा 'ऊर्जाघर' एवढंच सांगून थांबू नका, पेशीच्या मरणाची किल्लीही तिथंच आहे.

शहापूर, बेळगाव: आणि 'तंतुकणिका'च ठेवा. १८९८ साली शास्त्रज्ञ कार्ल बेंडा यांनी ग्रीकमधून नाव घेतलं तेही 'धागा' आणि 'कण' मिळूनच. हिंदीवाले सूत्रकणिका म्हणतात. पहिल्यांदा मायटोकॉन्ड्रिया सांगा, नाहीतर मागच्या बाकावरचे आजोबा विचारतील, ही कणिक कसली?

खानापूरकरीण: आता असं लिहिलंय: 'तंतुकणिका बिघडल्या, की पेशीचं इंधन, वाढ आणि मरण यांचा हिशेब बदलतो, काही पेशींत हा बदल कर्करोगाच्या पथ्यावर पडतो.' 'पथ्यावर पडतो'वर सर पुन्हा रेघ मारतील का?

निपाणीकर: मारू देत. मी तर ठेवीन.