अमेरिकेतलं मेडिकल एक्झामिनर ऑफिस: मृतदेह कधी ताब्यात घेतात आणि दाखल्यावर ‘पेंडिंग’ का लिहितात?

मृणाल_डी
अमेरिकेत घरी कुणी अचानक गेलं, तर काही वेळा फ्युनरल होमऐवजी (अंत्यसंस्काराची व्यवस्था करणाऱ्या संस्थेऐवजी) मेडिकल एक्झामिनरचं ऑफिस मृतदेह घेऊन जातं. हे नेमकं कोणत्या मृत्यूंमध्ये होतं? कुटुंबाची परवानगी लागते का? कॉरोनर आणि मेडिकल एक्झामिनर एकच का? आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारणाच्या जागी ‘पेंडिंग’ (म्हणजे कारण अजून ठरायचं आहे) असेल तर अंत्यसंस्कार अडतात का?

न्यायवैद्यक
आधी कॉरोनरचं सांगतो, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. दोघंही अचानक किंवा संशयास्पद मृत्यूंची सरकारी चौकशी करतात. कॉरोनर बहुतेक ठिकाणी निवडून येतो आणि तो डॉक्टर असलाच पाहिजे असं अनेक राज्यांत बंधन नाही. मेडिकल एक्झामिनर हा नेमलेला डॉक्टर असतो, मोठ्या ऑफिसात सहसा फॉरेन्सिक पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे शवविच्छेदनातला तज्ज्ञ. मॅसॅच्युसेट्सने 1877 मध्ये कॉरोनर काढून डॉक्टर आणले, न्यूयॉर्क शहरात 1918 पासून चीफ मेडिकल एक्झामिनर आहे, आणि मेरीलँडने 1939 मध्ये पूर्ण राज्यासाठी एकच ऑफिस केलं. तरी आजही देशभर एक पद्धत नाही. कॅलिफोर्नियाच्या बऱ्याच काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शेरीफ, म्हणजे पोलिसप्रमुखच कॉरोनर असतो आणि टेक्सासच्या छोट्या काउंट्यांत जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे स्थानिक न्यायाधीश हे काम बघतो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: मृत्यू कोणत्या राज्यात, कोणत्या काउंटीत झाला?

ऑफिसला कळवायचे मृत्यू थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच: अपघात, आत्महत्या, हत्या, विषबाधा किंवा अमली पदार्थ, धडधाकट माणसाचा अचानक मृत्यू, दाखल्यावर सही करायला कुणी डॉक्टर नसणं, कोठडीतला मृत्यू, कामाच्या जागी झालेला मृत्यू, तान्ह्या बाळाचा अनपेक्षित मृत्यू, ओळख न पटलेला देह. परवानगी लागत नाही आणि कुटुंबाला या शवविच्छेदनाचे पैसे पडत नाहीत.

पण कळवलेल्या प्रत्येक मृत्यूत शवविच्छेदन होतं हा गैरसमज आहे. तपासनीस फोनवर औषधांची यादी आणि आजारांचा इतिहास विचारतो. हृदयविकार आधीपासून माहीत असेल आणि संशयाला जागा नसेल, तर ऑफिस प्रकरण सोडून देतं आणि सही नेहमीचा डॉक्टर करतो. काही वेळा फक्त बाह्य तपासणी आणि रक्ताचे नमुने एवढ्यावर भागतं. त्यामुळे फोन आला की औषधांच्या बाटल्या समोर ठेवा, डॉक्टरचं नाव आणि शेवटची भेट कधी झाली ते सांगा. या माहितीवर बरंच ठरतं.

सुहास_लॅब
उशीर का होतो, तर विच्छेदन एक-दोन तासांचं असतं आणि वेळ खाते ती त्यानंतरची तपासणी. विषशास्त्राच्या (रक्तातली औषधं आणि विषं शोधणाऱ्या तपासणीच्या) अहवालाला सहसा काही आठवडे लागतात. आधी चाळणी चाचणी होते, मग मास स्पेक्ट्रोमेट्रीने (नेमका पदार्थ ओळखणाऱ्या यंत्राने) खात्री, आणि फेंटानिलसारख्या (तीव्र वेदनाशामक) औषधांची नवी रूपं निघाली की वेगळी चाचणी. मेंदू स्वतंत्रपणे तपासायचा असेल तर तो घट्ट होण्यासाठी साधारण दोन आठवडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा लागतो. मान्यताप्राप्त ऑफिसांकडून 90 टक्के अहवाल 90 दिवसांत पुरे होण्याची अपेक्षा असते. एका डॉक्टरने वर्षाला 250 पर्यंतच विच्छेदनं करावीत अशी शिफारस आहे. माणसं कमी असली की हा आकडा ओलांडला जातो आणि अहवाल तुंबतात.

रक्त जांघेतल्या शिरेतून घेतात. हृदयातलं रक्त चालत नाही असं नाही, पण मृत्यूनंतर काही औषधं यकृत-फुप्फुसांतून झिरपून तिथे जमतात आणि आकडा फुगतो. योग्य मात्रा घेतलेल्या माणसावर ‘ओव्हरडोस’चा शिक्का बसू शकतो. रक्ताच्या नळीत जिवाणूंना रोखणारं सोडियम फ्लोराइड असतं, नाहीतर जिवाणू अल्कोहोल तयार करतात किंवा खातात. डोळ्यातला द्रवही घेतात, कारण तो उशिरा सडतो आणि मधुमेहातली वाढलेली साखर किंवा निर्जलीकरण त्यातच दिसतं. रक्तातली साखर मृत्यूनंतर भरवशाची राहत नाही.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते ऑफिसला कळवण्याआधी एम्बाल्मिंग (देह टिकवण्यासाठी त्यात रसायन भरणं) केल्यावर. त्या रसायनात फॉर्मॅल्डिहाइड आणि बहुधा मिथेनॉल असतं, विषशास्त्राचा निम्मा पाया तिथेच खचतो. रुग्णालयाने नळ्या काढून देह धुऊन दिला तरी तसंच: घशातली नळी, सलाइनची सुई जागच्या जागी राहायला हवी, म्हणजे इजा कुठली आणि उपचाराची खूण कुठली हे कळतं. माणूस दाखल होऊन दोन-तीन दिवसांनी गेला असेल, तर दाखल होतानाचं पहिलं रक्त सगळ्यात मोलाचं. रुग्णालयाची लॅब ते थोड्याच दिवसांत टाकून देते, म्हणून ते राखून ठेवा असं लगेच सांगावं लागतं.

न्यायवैद्यक
दाखल्याबद्दल राहिलं. कारण आणि प्रकार या दोन वेगळ्या नोंदी आहेत. प्रकार पाच: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, होमिसाइड, अनिश्चित. ‘होमिसाइड’ म्हणजे दुसऱ्याच्या कृतीने झालेला मृत्यू. तो खून आहे का, हे वकील आणि न्यायालय ठरवतं. स्वसंरक्षणात मारलं तरी नोंद होमिसाइडचीच.

‘कार्डिॲक अरेस्ट’ हे कारण नाही, मरताना प्रत्येकाचं हृदय थांबतं. नेहमी चुकतं ते असं: 84 वर्षांची आजी पडते, मांडीचं हाड मोडतं, अंथरुणाला खिळते, तीन आठवड्यांनी न्यूमोनियाने जाते. डॉक्टर ‘न्यूमोनिया, नैसर्गिक’ लिहितो. साखळी पडण्यापासून सुरू झाली, म्हणून प्रकार अपघात आणि ऑफिसला कळवणं बंधनकारक. काही राज्यांत दहनाआधी या ऑफिसची मंजुरी लागते, तिथे अशा चुका सापडतात. दहनानंतर काहीच उरत नाही.

मृणाल_डी
धार्मिक कारणाने विच्छेदन नको असेल तर? आणि ‘पेंडिंग’ दाखल्यावर दहन होतं का?

अनघा_के
दहन होतं, कारण विच्छेदन झाल्यावर देह सहसा एक-दोन दिवसांत सोडतात आणि ‘पेंडिंग’ दाखल्यावर फ्युनरल होमला परवाना मिळतो. अडतं ते विम्याचं. अपघाती मृत्यूची जादा रक्कम प्रकारावर ठरते, म्हणून कंपनी अंतिम दाखल्याची वाट बघते. सुरुवातीला दोन-तीनच प्रती काढा. दुरुस्त दाखला आल्यावर नव्या प्रती घ्याव्याच लागतात.

आक्षेपासाठी न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांत कायद्यातच तरतूद आहे, पण हत्येचा संशय किंवा सार्वजनिक धोका असेल तर ती तोकडी पडते. आक्षेप असल्यास पहिल्याच फोनवर स्पष्ट बोला आणि लेखी पाठवा, विच्छेदन दुसऱ्या दिवशी सकाळीच होऊ शकतं. बाह्य तपासणी, रक्त आणि सीटी स्कॅनवर भागेल का, हेही विचारा. न्यू मेक्सिको आणि मेरीलँडच्या ऑफिसांत स्कॅनची सोय आहे. विच्छेदन झालंच तरी छेद कपड्याखाली आणि केसांत राहतो, अंत्यदर्शनाला चेहरा तसाच असतो. एखादा अवयव तपासणीसाठी ठेवला आहे का आणि तो कधी परत मिळेल, हे देह सोडण्याआधी विचारा. नाहीतर दहन होऊन जातं आणि मेंदू अजून लॅबमध्येच असतो.

देह भारतात न्यायचा असेल, तर वाणिज्य दूतावास एम्बाल्मिंगचं प्रमाणपत्र आणि संसर्गजन्य आजार नसल्याचं पत्र मागतो. कारण ‘पेंडिंग’ असताना हे दुसरं पत्र कोण देणार, मेडिकल एक्झामिनर की काउंटीचा आरोग्य विभाग, ते फ्युनरल होमकडून पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. विमानाचं तिकीट त्यानंतर काढा.