मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं

शिक्षकांना रोज वेळ मिळणं अशक्य, चिंतन रविवारच्या मिस्सेपुरतं (चर्चमधल्या उपासनेपुरतं) ठेवावं, असं काही जण म्हणतात; ते मला पटलं नाही. संत इग्नेशियस लोयोलांनी जेझुइटांना, म्हणजे आपल्या संघातल्या धर्मबंधूंना, दुपारी आणि रात्री असा दोनदा दिवसाचा आढावा घ्यायला सांगितला. आधी देवाचे आभार, मग स्वतःला नीट पाहता यावं म्हणून प्रकाश मागणं, गेलेले तास आठवणं, क्षमा आणि पुढचा निश्चय. दहा-पंधरा मिनिटांत होतं.

मी जालन्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. खिचडी वाटून झाली की पोरं टाकीवर ताटं धुवायला पळतात, तेव्हा हाच आढावा घ्यायला हजेरीपट घेऊन पायरीवर बसते. सकाळपासून कोणतं पोरगं एक शब्द बोललं नाही, ते नावांवरून बोट फिरवताना लगेच कळतं. (मुख्याध्यापकांना वाटतं, बाई पेंगतात.) मतदारयाद्यांचं काम लागलं की मात्र तेही बुडतं.