आजारपणाचा एक ‘एपिसोड’ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो?

महापेकर विचारतात:

नमस्कार. ठाणे-बेलापूर मार्गावरच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्याच्या वैद्यकीय योजनेचा हिशेब माझ्याकडे असतो. रुग्णालयात दाखल झाल्याचीच नव्हे, तर फॅमिली डॉक्टर, पॅथॉलॉजी लॅब आणि केमिस्ट यांचीही बिले आम्ही भागवतो. त्यामुळे आपल्याकडे सहसा हाती न लागणारी सलग माहिती आमच्यापाशी आहे. मात्र व्यवस्थापनाला जाणारा अहवाल बिलांच्या प्रकारानुसार असतो: लॅबवर इतके, औषधांवर इतके, शस्त्रक्रियांवर इतके. डेंग्यूच्या एका रुग्णावर पहिल्या तापापासून बरे होईपर्यंत एकूण काय लागले, हे त्यातून कळत नाही. यासाठी बिले एपिसोडनुसार, म्हणजे आजारपणाच्या एकेका सलग प्रसंगानुसार, एकत्र बांधतात असे वाचले. हे प्रत्यक्षात कसे करतात? पुढे पॅनेलवरच्या डॉक्टरांची तुलनाही याच आकड्यांवरून करावी, असा वरिष्ठांचा विचार आहे.

आकडेशास्त्री:

कल्पना जुनी आहे. जेरी सोलोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्येच वैद्यकीय सेवेचे एपिसोड कसे आखावेत यावर लेख लिहिला होता. येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन यांनी विकसित केलेली डीआरजी पद्धत (सारख्या निदानाच्या रुग्णांचे गट पाडणारी) अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेने १९८३ पासून रुग्णालयांना पैसे देण्यासाठी स्वीकारली, पण तिचे एकक रुग्णालयातला एक मुक्काम एवढेच आहे. एपिसोड हा दवाखाना, लॅब, औषधाचे दुकान आणि रुग्णालय या सगळ्यांना ओलांडून जातो.

रीत साधारण अशी. डॉक्टरांची तपासणी, शस्त्रक्रिया किंवा रुग्णालयातील दाखला यांपैकी एखादी नोंद एपिसोड उघडू शकते. तिला अँकर म्हणतात. लॅबचे किंवा केमिस्टचे बिल स्वतःहून एपिसोड उघडत नाही, ते आधीच उघडलेल्या एखाद्या एपिसोडला जोडले जाते. त्या आजाराची एकही नवी अँकर नोंद ठरावीक दिवस आली नाही, की एपिसोड बंद झाला असे मानतात. या दिवसांना ‘क्लीन पिरियड’ म्हणतात. कानाच्या संसर्गासारख्या आजारांत तो थोडा असतो. मधुमेहासारखा आजार मात्र बंद होतच नाही, म्हणून त्याचे एकेका वर्षाचे तुकडे पाडतात.

आपलेच डेंग्यूचे उदाहरण घ्या. पहिल्या दिवशीच्या बिलावर फक्त ‘ताप’ असेल, म्हणजे आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय संकेतयादीतील आर५०. तिसऱ्या दिवशी डेंग्यूची एनएस-१ चाचणी होते, मग रोज प्लेटलेट्स मोजल्या जातात, पाचव्या दिवशी रुग्ण दाखल होतो आणि तेव्हा कुठे कागदावर डेंग्यू हा शब्द उमटतो. निदान बदलताच आधीची तापाची बिलेही डेंग्यूच्या एपिसोडमध्ये ओढून घेणारा नियम हवा. तो नसेल तर अहवालात एक स्वस्त ताप आणि एक महागडा डेंग्यू असे दोन आजार दिसतील.

पाचपाखाडीची डॉक्टर:

महापेकर साहेब, तुमच्या आकड्यांत आमच्यासारख्यांचे काय होईल ते सांगते. ठाण्यात अनेक फॅमिली डॉक्टर औषधे स्वतःच्याच दवाखान्यातून देतात आणि तपासणी, इंजेक्शन, गोळ्या मिळून एकच रक्कम घेतात. दुसरा डॉक्टर चिठ्ठी लिहून देतो, त्याच्या रुग्णाचे औषध केमिस्टच्या बिलात दिसते. दोघांचा साधनवापर सारखा असला तरी तुमच्या प्रकारवार तक्त्यात तो निराळा दिसतो. एपिसोडच्या बेरजेत हा फरक बराचसा मिटतो, आणि या पद्धतीचा मला वाटणारा खरा फायदा हाच आहे.

औषधावरून आजार ओळखायला मात्र जाऊ नका. मेटफॉर्मिन मधुमेहासाठी असते तसे स्त्रियांच्या पीसीओएस या संप्रेरकांच्या विकारासाठीही देतात; प्रोप्रॅनोलॉल रक्तदाबाला चालते, अर्धशिशीलाही चालते.

सगळ्यात मोठा धोका गुंतागुंतीत आहे. मधुमेही कामगाराच्या पायाला जखम झाली, ती चिघळली आणि बोट काढावे लागले. ही बिले ‘पायाची जखम’ म्हणून वेगळी बांधली, तर वर्षभर साखरेकडे दुर्लक्ष करणाऱ्या डॉक्टरचा मधुमेह-एपिसोड अगदी काटकसरीचा दिसेल, आणि दर तीन महिन्यांनी एचबीए१सी (सरासरी साखरेची चाचणी) करून पाय तपासणारा डॉक्टर उधळ्या ठरेल. अशी बिले मूळ आजाराशी जोडा, पण ‘टाळता येण्याजोगी गुंतागुंत’ या वेगळ्या रकान्यात ठेवा.

महापेकर:

मॅडम, जखमेचा मुद्दा आमच्याकडे अगदी असाच आहे. शस्त्रक्रियेचा क्लेम सर्जनच्या नावावर पडतो आणि मधुमेह पाहणाऱ्या डॉक्टरांचा तिथे उल्लेखही नसतो. आणखी एक विचारतो: आयुष्मान भारत या सरकारी योजनेचे पॅकेज, म्हणजे एका उपचारासाठी ठरवलेली एकच रक्कम, तयारच आहे, त्यालाच एपिसोड मानले तर नियम लिहिण्याचा खटाटोप वाचणार नाही का?

आकडेशास्त्री:

पॅकेज ही पैसे देण्याची सोय आहे, आजाराची सीमा नव्हे. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत दाखल होण्यापूर्वीचे ३ आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरलेले आहेत. खासगी पॉलिसींमध्ये बहुधा ३० आणि ६० दिवस असतात. मेडिकेअरने एप्रिल २०१६ मध्ये खुबा आणि गुडघा बदलण्यासाठी जे एपिसोड सुरू केले, त्यांत डिस्चार्जनंतरचे ९० दिवस मोजले. गुडघ्याच्या फिजिओथेरपीचा मोठा भाग १५ दिवसांनंतर होतो, हे लक्षात घेतले तर एकाच शस्त्रक्रियेचा आकडा खिडकी, म्हणजे मोजायच्या दिवसांची मुदत, बदलताच किती बदलेल याची कल्पना येईल. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या खिडक्या लावून पाहा आणि निष्कर्ष टिकतो का ते तपासा.

मोतीबिंदूत आणखी एक पेच आहे. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया काही आठवड्यांत झाली, तर एपिसोड एक की दोन? मी दोन धरीन. मात्र त्यासाठी बिलावर डावा-उजवा नोंदलेला हवा आणि बऱ्याचदा तो नसतो.

डॉक्टरांच्या तुलनेबद्दल मी अधिक सावध राहीन. जॉन अ‍ॅडम्स, अतीव मेहरोत्रा आणि सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्समधील क्लेम तपासून २०१० मध्ये असे दाखवले की ५९ टक्के डॉक्टरांच्या खर्चाच्या गुणांची विश्वासार्हता (१ म्हणजे पूर्ण भरवसा) ०.७० हून कमी होती आणि दोनच श्रेणी केल्या तरी सुमारे २२ टक्के डॉक्टर चुकीच्या श्रेणीत जातात. तिथे विमा कंपन्यांचे प्रचंड क्लेम हाताशी होते. तुमच्या पॅनेलवरच्या एकेका डॉक्टरकडे वर्षाला एखाद्या आजाराचे मोजकेच रुग्ण असणार.

पाचपाखाडीची डॉक्टर:

याच्याशी मी सहमत आहे, पण आकडे कपाटात ठेवावेत असे नाही. प्रत्येक डॉक्टरला फक्त त्याचेच एपिसोड, बिलांच्या तपशिलासह दाखवा. प्लेटलेट्स दिवसातून दोनदा का मोजल्या, याचे उत्तर त्याच्याकडे असेल किंवा नसेल. दोन्ही वेळा तुम्हाला काही कळेल. आणि रुपयांबरोबर संख्याही लिहा: किती भेटी, किती चाचण्या, किती दिवस दाखल. वाशीतला एमआरआय आणि कळव्यातला एमआरआय यांचे दर वेगळे असले, तरी साधनवापर एकच आहे. तुलनेसाठी प्रत्येक सेवेला एकच प्रमाण दर लावा.

महापेकर:

दोघांचेही आभार. डेंग्यू, मोतीबिंदू आणि गुडघेबदल या तीनच आजारांपासून सुरुवात करण्याचा प्रस्ताव मांडतो आणि डॉक्टरांच्या तुलनेचा मुद्दा तूर्त बाजूला ठेवायला सांगतो. आमचे वर्ष ३१ मार्चला संपते. मार्चमध्ये उघडलेल्या एपिसोडचे काय करावे?

आकडेशास्त्री:

त्यांना अपूर्ण अशी खूण करा आणि सरासरीतून वगळा. कामगार बिले उशिरा देतात, त्यामुळे जूनअखेरपर्यंत आलेली ३१ मार्चपर्यंतची बिले जमेस धरून मगच वर्षाचा अहवाल काढा. जो मधेच नोकरी सोडून गेला, त्याच्या एपिसोडलाही हाच नियम लावा.